धोंडू पाष्टेचा मळका पडाव

धोंडू पाष्टे मला आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे त्याच्याविषयी चार शब्द बरे आले तर ते मी नाइलाजाने लिहिले आहेत हे वाचणाऱ्याला कळेल.

तो देवरुखकडचा. डोंगरातल्या वाडीतला, भात पिकवणाऱ्यांच्या घरातला. चौदाव्या वर्षी मुंबईला गेला आणि भायखळ्याच्या एका कारखान्यात चिकटला. जहाज कंपन्यांच्या ऑफिसांत काचेच्या पेटीत ठेवतात ना छोटी छोटी जहाजं, ती तिथे बनत. अकरा वर्षं त्याने तेच केलं. मग मालक म्हातारा झाला, मुलाकडे परदेशी गेला, कारखान्याला टाळं लागलं, आणि त्र्याऐंशी साली हा रत्नागिरीत उगवला. मांडवीला आमच्या घरामागे एक खोली घेतली आणि होड्यांवर नावं-नंबर रंगवायला लागला. किडकिडीत अंग, पुढे आलेली मान, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची सवय.

आता गंमत ऐका. या माणसाला दर्या सोसत नव्हता. नांगरलेल्या होडीवर नाव रंगवायला चढला की दोन अक्षरं झाली की तिसऱ्याला बाहेर वाकून ओकायचा. आमच्या बंदरातल्या एका होडीवर ‘जय भवानी’तलं नुसतं ‘जय’ सहा महिने मिरवत होतं. उरलेली भवानी होडी किनाऱ्यावर ओढली तेव्हा आली. आम्ही पोटभर हसलो. मी जरा जास्तच हसलो.

मी लवू भाटकर, होड्या बांधणारा सुतार. माझा बाप महिपत तांडेल, म्हणजे होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या. ‘भगवतीप्रसाद’ नावाच्या पडावावर त्यांनी चाळीस वर्षं तांडेलकी केली. पडाव म्हणजे शिडाची मोठी मालवाहू होडी. मंगलोरहून कौलं भरायची आणि रत्नागिरी, दाभोळ, मुंबई करत उतरवायची. पुढे इंजिनं आली, रस्त्याने ट्रक धावायला लागले, आणि एक्काहत्तर साली पडाव विकला. घेणाऱ्याने तो फोडून लाकूड विकलं. तेव्हापासून बाबांचं बोलणं कमी झालं असं लोक म्हणत. मला फरक कळला नाही. माझ्याशी ते आधीपासूनच ‘जेवलास?’ आणि ‘पाऊस येयल’ एवढंच बोलत. पण मला त्याचं काही वाटत नसे. माझा बाप हा असा बाप होता की त्याने चाळीस वर्षांत पडावाला एक ओरखडा लागू दिला नव्हता, आणि हे मी बंदरावरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर सांगितलेलं होतं. ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनाही.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात आमच्या मच्छीमार सोसायटीचा नवा हॉल उभा राहिला. नारळी पौर्णिमेला उद्‌घाटन ठरलं. चेअरमन म्हणाले, हॉलात काचेचं कपाट करू आणि त्यात जुन्या शिडाच्या पडावाचं मॉडेल ठेवू. आताच्या पोरांनी कोणी बघितलेला नाही. कुठला पडाव? अर्थात भगवतीप्रसाद, त्याचा तांडेल अजून आहे. बनवणार कोण? माझी छाती तिथेच फुगली होती. तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं, “तो नंबर रंगवणारा धोंडू पन करतो म्हणे मॉडेलं.” चेअरमन सगळ्यांना खूश ठेवणारा माणूस. “मग दोघांनी करा,” म्हणाले, “आणि तांडेलानं सांगावं कुठला ठेवायचा ता.”

म्हणजे माझ्या बापाने, माझ्या बापाच्याच पडावासाठी, मी आणि एक डोंगरातला ओकारीवाला यांत निवड करायची. मी घरी येऊन जेवलो नाही. शकू, माझी बायको, म्हणाली, “अवो, तुमचाच निवडतील ना मामंजी! दुसरा कुठला निवडतील?” मलाही तसंच वाटत होतं. राग आला होता तो विचारावं लागलं याचा.

पावसात होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, सुताराला काम कमी. मी जुना साग काढला. दोन हात लांबीचा पडाव, फळी न् फळी मापात, दोन फळ्यांच्या मध्ये केस जाणार नाही अशी. डोलकाठी, शीड, सुकाणू, सगळं जागच्या जागी. वर ऑइल पेंटचे तीन हात, प्रत्येक हातामागे पॉलिश पेपर. पूर्ण झाला तेव्हा त्यात तोंड दिसत होतं. शकूने त्यावरून मीठमोहरी ओवाळली.

बाबांना दाखवला. त्यांनी तळावरून एक बोट नाळेपर्यंत, पुढच्या टोकापर्यंत, फिरवलं. “सरळ हाय,” म्हणाले. आणखी काही म्हणतील म्हणून मी उभा राहिलो. ते उठले, कोपऱ्यातली छत्री घेतली, आणि मागच्या दाराने धोंडूच्या खोलीकडे गेले.

रोज जायला लागले. सकाळी पेज पिऊन गेले की दुपारी जेवायला परत, आणि तीनला पुन्हा. मागच्या दारात उभं राहिलं की धोंडूची खिडकी दिसायची. मी त्या पावसात त्या दारात इतकी कामं काढली की शकूने विचारलं, दाराला वाळवी लागलीय का.

एक दिवस आतून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं धोंडू. नाही. माझा बाप हसत होता. ते माझ्या लग्नातसुद्धा हसलेले मला आठवत नाहीत. मला जे झालं त्याला जळणं म्हणतात, मी त्याला दुसरं नाव देणार नाही. परक्या माणसाने माझ्या घरातली वस्तू उचलून न्यावी आणि ती वस्तूच हसत हसत त्याच्याबरोबर जावी, तसं काहीतरी.

शेवटी मी गेलो, काय करतोय ते बघायला. त्याचं सुतारकाम बघून आधी बरं वाटलं. फळ्या ओबडधोबड, सांधे उघडे, माझ्या हाताखाली असता तर मी कानफटात दिली असती. पडाव रंगवलेलाही साधाच, फिक्या मातकट रंगात, चकाकी नाही. मग त्याने एका वाटीत टर्पेंटाईन घेतलं, त्यात तपकिरी रंग बोटभर, आणि चहासारखं पातळ करून ते सगळं पडावावर ओतलं. हो, ओतलं. मी ‘अरे अरे’ म्हणालो.

“ह्याला तिकडे वॉश म्हणायचे,” तो माझ्या हातांकडे बघत म्हणाला. “नुसता ठेवायचा. सुकत आला की पुसायचा.”

थोड्या वेळाने त्याने फडक्याने वरून खाली पुसायला घेतलं. उंचवट्यावरचा रंग निघून गेला, खाचांतला राहिला. जे सांधे मला उघडे वाटले होते ते आता फळ्या झाले. खिळ्यांची डोकी दिसायला लागली. मग एकावर एक असे त्याने चार-पाच हात मारले: पाणरेषेला शेवाळी, नांगराच्या दोराखाली गंजाचा, माल भरायच्या जागी लालसर. “मंगलोरी कौलांची भुकटी,” बाबा मला म्हणाले. मला, म्हणजे मी तिथे होतो म्हणून. “कायम फटीत बसलेली असायची. धुतली तरी जायची नाय.” सगळ्यात शेवटी काजळीचा काळा हात, बोटाने चोळून, फक्त खोल फटींत. दोन हातांचा तो तुकडा बघता बघता वीस वर्षं दर्या फिरून आल्यासारखा दिसायला लागला.

आणि हे सगळे डाग कुठे पाडायचे, ते तो विचारायचा. तेवढंच करायचा तो. “तात्या, पाणी कुठनं निथळायचं? तात्या, जेवण कुठं रांधायचात? धूर कुठल्या बाजूला जायचा?” आणि माझा बाप सांगत सुटायचा. ज्याला होडीत पाय ठेवला की ओकारी येते तो माणूस माझ्या बापाच्या पडावावर खुशाल चालत होता. मला काही विचारायचं सुचलं नव्हतं, कारण मला सगळं माहीत होतं.

घरी येऊन मी गुपचूप माझ्या पडावावर तोच प्रयोग केला. टर्पेंटाईन, तपकिरी रंग, फडकं. माझ्या फळ्यांना फट नव्हती, रंग बसणार कुठे? तो सगळीकडे सारखा पसरला, चिखलात पडल्यासारखा. वर टर्पेंटाईनने ऑइल पेंटच्या सुरकुत्या काढल्या. दोन दिवस खरवडत बसलो आणि पुन्हा तीन हात मारले. धोंडूला जाऊन विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं. मी विचारणार होतो थोडाच!

पुढच्या खेपेला मी टोमणा मारायलाच गेलो. त्याच्या पडावाच्या उजव्या कुशीला, पाणरेषेखाली, दोन आखूड फळ्या बसवलेल्या होत्या. बाकी फळ्यांच्या रांगेशी न जुळणाऱ्या, आणि भोवती काळी रेघ. बाबा बाजूलाच बसले होते.

“हे ठिगळ कसलं?” मी म्हटलं. “फळी कमी पडली वाटतं?”

धोंडूने बाबांच्या हातांकडे बघितलं.

“माझ्या बापाच्या पडावाला असलं ठिगळ नव्हतं,” मी म्हणालो. “चाळीस वर्षांत ओरखडा नाही. माहीत नसेल तर विचारून घे, हे बसलेत समोर.”

बाबा उठले आणि छत्री तिथेच विसरून पावसातून घरी गेले. मला वाटलं, माझ्या बोलण्याने त्यांना धोंडूची चूक कळली. दोन दिवस मी खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच्याकडे जाऊन बसले.

त्या दिवशी मी बाजारात गेलो आणि झाडपाल्याच्या दुकानातून सहा बिब्बे आणले.

बिब्ब्याचं तेल काळं असतं, परीट त्याने कपड्यांवर खुणा करतात. कातडीला लागलं की उततं. फोड येतात, सूज येते, आठ-पंधरा दिवस हात हाताचा राहत नाही. धोंडूकडे एका बाटलीत टर्पेंटाईनमध्ये कालवलेली काजळी होती, शेवटच्या काळ्या हाताची, आणि तो हात तो ब्रशने नाही, बोटांनी चोळायचा. मला त्याचा जीव घ्यायचा नव्हता. पौर्णिमेपर्यंत त्याचे हात कामाला येऊ नयेत एवढंच. दुपारी तो खानावळीत गेला. मी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, बिब्बे सुईला टोचून दिव्याच्या वातीवर धरले आणि ठिबकलेलं तेल त्याच्या बाटलीत सोडलं. काळ्यात काळं मिसळलं. टर्पेंटाईनच्या वासात वासही गेला. मध्ये बिब्बा घालणं आपण म्हणतो ना, ते मी म्हणण्यापुरतं ठेवलं नाही.

चारच्या सुमाराला मी मागच्या दारात उभा होतो. धोंडूने बाटली हलवली, बशीत थोडं ओतलं, बोट बुडवून नाळेकडच्या फटींत चोळलं. मी बघत होतो. मग त्याने बशी बाबांपुढे सरकवली. “तात्या,” तो म्हणाला, “सुकाणूवर तुमचा हात जिथे असायचा तिथला डाग मी नाय पाडणार. तो तुम्हीच पाडा.”

मला ओरडता आलं असतं. हे मी चाळीस वर्षांनी नाही, त्याच क्षणी समजून चुकलो होतो. ‘थांबा’ एवढं म्हणायचं होतं. पण थांबा म्हटलं तर का, हे सांगावं लागणार. बाबांनी अंगठा बशीत बुडवला, सुकाणूच्या दांड्यावर ठेवला, आणि चोळला नाही, नुसता धरून बसले. बराच वेळ. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते त्याच हाताने पुसलं.

मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा हात मनगटापर्यंत फुगला होता आणि दोन्ही डोळे बंद. पापण्या सुजून गच्च. डॉक्टरांनी मलम दिलं, सुया टोचल्या, नजरेला धोका नाही म्हणाले, सूज उतरायला आठवडा लागेल. शकू आतल्या खोलीत त्यांना खोबरेल लावत होती आणि धोंडूचा उद्धार करत होती. तो धावत आला तेव्हा तिने त्याला पडवीतच अडवला. “काय घातलावतंस त्या काळ्या पाण्यात? म्हाताऱ्या माणसाचे डोळे घालवतोस काय?”

धोंडू परत गेला आणि आपलं फडकं घेऊन आला. धुतलेलं होतं, तरी काळे ठिपके तसेच. “वहिनी, काजळी साबणानं जाते,” तो हळू म्हणाला. “हा डाग बिब्ब्याचा.”

“म्हंजे बिब्बा घालतोस तू रंगात?”

त्याने आपले हात उलटेसुलटे करून बघितले. एक फोड नव्हता. “मला उतत नाय,” म्हणाला, “ल्हानपणी रानातनं गोळा करायचो बिब्बे.” मी दाराशी उभा होतो. त्याने माझ्या हातांकडे बघितलं, नेहमीसारखंच, पण जरा जास्त वेळ. मी हात मागे घेतले नाहीत. घेतले असते तर कळलं असतं. पण कळायचं ते त्याला कळलं होतं.

“बाटली माझीच होती,” तो शकूला म्हणाला. पडाव आणून पडवीतल्या बाकावर ठेवला, वॉशच्या बाटल्या शेजारी मांडल्या, काळी बाटली तेवढी फोडून पुरली. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप होतं. देवरुखच्या गाडीत बसताना कोणीतरी त्याला बघितला. सगळ्या मांडवीत झालं की धोंडूने तांडेलाचे डोळे घालवले असते. मी ते खोडून काढलं नाही. उलट मला त्याचा आणखी राग आला. एवढा चांगुलपणा करायची त्याला काय गरज होती? आता तोही मी त्याच्याकडून उसना घ्यायचा?

त्यानंतर बाबा पडवीत खाटेवर पडून असत. रोज विचारत, “धोंडू आला काय?” शकू म्हणे, येईल. तो का येत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी समोर बसून असे. माझ्याविषयी ते काही विचारत नसत.

सोमवारी मी कंटाळून त्याच्या पडावाला हात लावला. शिडाखालची बाजू राहिली होती. तपकिरी वॉश घेतला, ओतला, फडक्याने वरून खाली पुसायला लागलो. फडक्याचा आवाज झाला आणि खाटेवरून बाबा म्हणाले, “आलास काय रे धोंडू?”

मी म्हणायला हवं होतं, बाबा, मी लवू. मी म्हटलं, “हं.”

“बरा झाला. तिथं जास्त नको लावू, शिडाची सावली असायची, तिथं फळी कोरी राहायची.”

मी तिथलं पुसलं. ते बोलत राहिले. पाच दिवस बोलत राहिले. कुठल्या खुंटीला दोर घासून खाच पडली होती, कोणी कुठे सुरीने नाव कोरलं होतं, मी तसतसा डाग पाडत गेलो. मी फक्त ‘हं’ म्हणायचो, आणि फार तर ‘मग?’ मला माझा बाप पहिल्यांदा ऐकायला मिळत होता, आणि तोही दुसऱ्याच्या नावावर. मला आनंद होत होता आणि जीव जळत होता, दोन्ही एकाच वेळी. प्रत्येक गोष्टीशेवटी ते ‘धोंडू’ म्हणायचे आणि मला वाटायचं, हे माझं होतं, हे याला कशाला दिलंत?

गुरुवारी ते म्हणाले, “ठिगळाभोवतीची रेघ पुसलीस नाय ना?”

“नाय.”

“पुसू नको. लव्या काय पन बोलू दे.” मग म्हणाले, “वेळणेश्वराच्या म्होरला खडक. अख्ख्या कोकणाला ठावा हाय तो. दिवसाढवळ्या लागला मला. धुका नाय, वारा नाय. तुला सांगितला नव्हता कसा लागला ता. त्या साली लव्या झाला होता. सात म्हैने झाले तरी मी बगितला नव्हता त्याला. सुकाणूवर उभा राहून मनात म्हणत होतो, आता रांगत असंल काय? दात आलं असतील काय? आणि लागला. दोन फळ्या गेल्या. तिथंच घालून घेतल्या आणि घरी येऊन सांगितला, कीड लागली होती.”

माझा हात थांबला होता. त्यांना फडक्याचा आवाज येईना. “सुकला काय रे?” त्यांनी विचारलं. मी पुन्हा पुसायला लागलो.

“त्याला कसा सांगू? सगळ्या बंदरात सांगत फिरतो, बापानं ओरखडा लागू दिला नाय. सांगितला तर म्हणंल माज्यामुळं लागला. त्याचा पडाव बगितलास? इतका सरळ पडाव दर्यात पन नाय रे गावायचा. तसा तांडेल मी नव्हतो.”

मी पुसत राहिलो. पुसायचं काही राहिलं नव्हतं तरी.

शुक्रवारी दुपारी त्यांची उजवी पापणी उघडली. मी खाली बघून काम करत होतो, मला कळलं नाही. वर बघितलं तेव्हा ते फटीतून माझ्याकडे बघत होते, किती वेळ कोण जाणे.

“तू होतास होय,” ते म्हणाले.

“हो.”

“सगळा ऐकलंस?”

“हो.”

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. पौर्णिमेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवलास का, एवढंही नाही.

चेअरमन निकाल विचारायला आले तेव्हा बाबांनी बोटाने दाखवलं. “तो. मळका.” माझा चकचकीत पडाव फळीवर राहिला. मी मळका उचलून हॉलात नेला, कपाटात बसवला, काच पुसली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कपाटावर कार्ड लागलं. ठळक अक्षरांत: ‘पडाव भगवतीप्रसाद. तांडेल महिपत भाटकर. कारागीर लवू महिपत भाटकर.’ धोंडू नव्हता, आणून दिला मी, चेअरमननी सरळ माझं नाव छापून घेतलं. मी ते वाचलं. दोनदा वाचलं. कार्ड बदला, असं म्हणायला एक अख्खा दिवस होता माझ्याकडे. बापाच्या नावाखाली माझं नाव इतकं छान बसलं होतं की मी म्हणालो नाही.

पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन सगळे हॉलात आले. बाबा शकूचा हात धरून आले होते. डोळे उघडले होते, पण हाताची सालपटं अजून निघत होती. ते कपाटापुढे उभे राहिले. पडावाकडे नाही, कार्डाकडे बघत. त्यांना वाचता येत नव्हतं.

“काय लिवलाय?” त्यांनी मला विचारलं. इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिला शब्द.

मी वाचायला लागलो. पडाव भगवतीप्रसाद. तांडेल महिपत भाटकर. पुढच्या ओळीत माझं नाव होतं. मग मी वाचलं, “कारागीर धोंडू पाष्टे.”

बाबांनी मान हलवली. “बरा,” म्हणाले. “आणि बिब्बा कोणी घातलान, ता नाय लिवलाय?”

अंगठ्यावर राहिलेला बिब्ब्याचा डाग त्यांनी ओळखला असणार, आणि धोंडू का गेला हे शकूकडून कळल्यावर बाकीचं जुळवलं असणार. आवाज चढवला नव्हता, तरी आजूबाजूचे ऐकत होते. शकू माझ्याकडे बघायला लागली. मी चेअरमनना हाक मारली, सगळ्यांसमोर म्हणालो की कार्ड चुकीचं आहे, पडाव धोंडूचा आहे, आणि बाटलीत बिब्बा मी घातला होता. एवढं मोठ्याने मी आयुष्यात दुसरं काही बोललो नसेन. चेअरमन ‘असू दे, असू दे’ करत राहिले. कोणीतरी खोकलं. हे सगळं मी ज्याच्यासाठी बोललो होतो त्याच्याकडे मी वळलो, तर बाबा तिथे नव्हते. ते व्हरांड्यात उभे राहून लोकांना विचारत होते, देवरुखच्या गाडीला कोण ओळखीचा जातो काय, धोंडूला निरोप द्यायचा हाय.

मी बाहेर गेलो. “मी जातो,” म्हटलं. “मी घेऊन येतो त्याला.”

“तू नको,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ला ते स्वतः गेले. जन्मभर मंगलोर आणि मुंबई केलेला माणूस, देवरुख कुठल्या बाजूला आहे हेही त्यांना कंडक्टरला विचारावं लागलं. सालपटं निघालेल्या हाताने त्यांनी दाराची दांडी धरली. वर चढताना त्यांना आधार द्यायला मी पुढे झालो. त्यांनी तो घेतला नाही, आणि गाडी सुटली.